संत्र्याच्या बागेपाशी पंक्चर

आनंदरावच्या सायकलचं पुढचं चाक देवकाबाईच्या बागेपाशी पुन्हा बसलं. तो उतरला. टायरमध्ये हिवराचा काटा बोटभर रुतला होता.

मागून घंट्या वाजवत नत्थूजी आणि बाकीचे टेकडी उतरून आले. वाटेवर आणखीही काटे पसरलेले होते. नत्थूजींनी ते काठीनं बाजूला लोटले आणि गोमाजी गुराख्याच्या नावानं एक शिवी घातली.

तळेगावच्या मागची ही वाट त्यांनीच काढली होती. नत्थूजींची पिठाची गिरणी होती, आनंदराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता, बाकीचे शेतकरी. आठवडाभर या काळ्या, जड सायकलींवरून दळण आणि दुधाचे कॅन वाहायचे. रविवारी सकाळी मडगार्ड, कॅरिअर, स्टँड काढून ठेवायचे आणि टेकडी चढून या वाटेनं भरधाव खाली यायचं. पावसाळा सरला की सगळे कुदळी-फावडी घेऊन वाट दुरुस्त करत. वाहून गेलेली माती भरत, वळणांना दगड रचत. गावाला हे खूळ वाटे. उतरताना आनंदराव सगळ्यांच्या पुढे असायचा, म्हणून काटाही बहुतेक त्यालाच लागायचा.

पंक्चर शोधायला पाणी लागतं, आणि पाणी होतं ते फक्त बागेत. बाग तशी दुसऱ्या मालकाची. देवकाबाईचा नवरा तिची राखण करायचा. तो गेल्यावर ते काम तिनं चालवलं. बागेतल्या झोपडीत ती, थोरली सखू आणि धाकटी जिजा एवढीच माणसं. गाव लांब, घरात पुरुष माणूस नाही. लग्नाला आलेल्या मुली आहेत हे ठाऊक असूनही सोयरीक घेऊन तिकडे कोणी फिरकत नव्हतं.

सखूनं घमेल्यात पाणी आणून ठेवलं. बाकीचे पुढे गेले. आनंदराव ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे पाहत बसला.

"गोमाजीच टाकते का काटे?" सखूनं विचारलं.

"मले नाई वाटत."

"मंग कोन?"

त्यानं मान वर केली. तिच्या मनगटावर ओरखडे होते, ताजे. तो पुन्हा ट्यूबकडे वळला.

"असंन कोनी," तो म्हणाला.

गोमाजीवरचा संशय वाऱ्यावरचा नव्हता. घंट्यांनी गुरं बुजतात, अशी त्याची जुनी तक्रार होती. पुढच्या रविवारी एकाची सायकल काट्यांवर घसरली आणि त्याचा हात मोडला. त्या आठवड्यात भर बाजारात नत्थूजींनी गोमाजीची गचांडी धरली. म्हातारा खाली पडला. उठून त्यानं धोतर झटकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुरं पार नाल्यापलीकडे न्यायला लागला.

काटे पडतच राहिले.

आता नत्थूजींनाच तोंड दाखवायची लाज वाटू लागली. त्यांनी सगळ्यांना गिरणीत बोलावलं. निरपराध माणसाला लोळवलं, एकाचा हात मोडला. आता वाट सोडून द्यावी असं ते म्हणाले. कोणी विरोध केला नाही. आनंदरावनंही नाही. मात्र त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मधल्याच वारी डेपोतून सुटून तो बागेत गेला. देवकाबाई आळ्यांना पाणी देत होती. तिनं आधी सायकलकडे पाहिलं.

"चाक तं चांगलं दिसून राह्यलं, बाबू."

"आज पंक्चर नाई," आनंदराव म्हणाला. "मी सखूसाठी आलो."

देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. पाणी आळ्यातून वाहून चाललं तरी तिला भान नव्हतं. झोपडीच्या दारातली सखू आत पळाली.

घरची माणसं येऊन गेली, नातं जुळलं. लग्न बागेतच लागलं. नत्थूजी स्वतः जाऊन गोमाजीला घेऊन आले, पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्या पानात वाढलं. त्यानंतर काटे पडायचे थांबले. आनंदराव रविवारी वाटेवर चक्कर मारून यायचा; एक रविवार कोरा गेला, मग दुसरा. मंडळी पुन्हा कुदळी घेऊन वाटेवर आली. काटे कोण टाकत होतं याचा विषय कोणी काढला नाही.

आनंदरावनं मात्र एकदा काढला. सखू भाकरी थापत होती.

"वाटेवरचे काटे आता बंद झाले म्हनते," तो हसत म्हणाला.

"होतीनच ना बंद," सखूही हसली. "टाकनाराच घरात येऊन बसला."

स्वतः काटे टाकून आता आपल्याच अंगावर ढकलते आहे, असं त्याला वाटलं. कबूल करायला लाजतात, असं तिला वाटलं. दोघांनाही ते गोड वाटलं, आणि दोघांनी पुढे विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीला दोघं बागेत आले. जिजा पानं वाढत होती. वर्षभरात ती सखूच्या उंचीला आली होती. जेवताना देवकाबाईनं टेकडीच्या वाटेची चौकशी केली. रविवारचं अजून चालू आहे, पण आपण आता जपून, सगळ्यांच्या मागून उतरतो, असं आनंदरावनं सांगितलं. सखूनं तशी शपथच घातली होती.

"मंग पुढं कोन असते, जावईबापू?"

"नत्थूजीचा भाचा. कवडू. गिरणी आता तोच पाहते."

"लगन झालं त्याचं?"

"नाई अजून."

देवकाबाईनं त्याच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

रविवारी सकाळी तिनं जिजाला घमेलं भरून ठेवायला सांगितलं, छपरातला विळा काढला आणि ती हिवराच्या झाडाकडे निघाली.