सीताबाईचं अंगण

सुनीतीबाई फाटकाशी पोचल्या तसा कुत्रा अंगावर धावून आला. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जगनला पाहताच त्याने शेपूट हलवली आणि कुंपणाला अंग घासत तिथेच लोळू लागला. मेंबरला आळीतलं कुत्रंही ओळखतं म्हणायचं, असं मनात येऊन बाईंना हसू आलं.

"तुम्ही जा आत," जगन म्हणाला. "मी हितंच थांबतो."

रोह्याच्या खालच्या आळीत करमणूक केंद्रासाठी जागा शोधायचं काम नगरपालिकेने या दोघांवर टाकलं होतं. जगन पाटील आळीतून निवडून आलेला मेंबर. सुनीतीबाई शाळेत खेळ शिकवायच्या. पेणहून बदली होऊन आल्याला वर्षही झालं नव्हतं. मार्चअखेर जागा ठरली नाही, तर मंजूर झालेलं केंद्र हातचं जाणार होतं. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता. त्यांच्या मुलींना खो-खो खेळायला धड जागा नव्हती. स्टँडमागे खेळायला उतरल्या की टवाळ पोरं भोवती जमायची, आणि मग आया मुलींना घरात, केबलसमोर बसवून ठेवायच्या.

आतापर्यंत पाहिलेल्या जागांपैकी एक उधाणाला पाण्याखाली जायची, तर दुसरीवर चार भाऊबंदांचं भांडण. उरली ती सीताबाईची.

सीताबाईही पाटीलच, पण त्या आळीत दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी पाटलालाच लागायचा. घरात ती एकटी. मागे माहेरकडून मिळालेली ऐसपैस जागा, पुढे अंगण. ते तिने असं सारवून ठेवलं होतं की बाईंना त्यावर चप्पल घालून उभं राहायचीही लाज वाटली. त्यांनी ती फाटकाशीच काढली.

"जागा फुकाट देतंय मी," सीताबाई म्हणाली. "पन रस्ता माज्या आंगनातून काडा. दुसरीकडून नाय."

मागच्या बाजूने सरळ वाट असताना दारात उगाच वर्दळ कशाला, असं बाईंनी विचारलं.

"वर्दळच पायजे मना," ती म्हणाली.

बाईंचं कुतूहल चांगलंच चाळवलं. त्यांनी फाटकाशी येऊन जगनला अट सांगितली. त्याने खाली बघतच विचारलं, रस्ता किती रुंद चालेल ते आतल्या बाईंना विचारा. सीताबाई दहा पावलांवर उभी होती, तिला सगळं ऐकू जात होतं. तरी तीही म्हणाली, त्या मेंबरला सांगा, हवा तेवढा घ्या. हे एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि आपला मात्र पोस्टमन केलाय, असं वाटून बाई वैतागल्या. निवडणुकीचं काही वैर असणार, असं त्यांनी धरून टाकलं.

नगरपालिकेच्या बैठकीत अटीवर बराच काथ्याकूट झाला. कुणी म्हणालं, म्हातारी दारात चहाची टपरी टाकणार. कुणी म्हणालं, टपरी कसली, पुढेमागे रस्ता अडवून सगळ्यांना नाचवणार. केंद्र हातचं जातंय की काय, अशी काळजी बाईंना लागली. तेवढ्यात जगन बोलला.

"रस्ता आंगनातूनच घ्या. पन सगलं आंगन नगरपालिकेच्या नावावर करून घ्या. पक्कं. तिचा काय हक्क ठेवू नका."

सगळ्यांना ते पटलं. बाईंना मात्र संताप आला. बाहेर पडताच त्यांनी त्याला गाठलं आणि एकट्या बाईने आपणहून जागा दिली तर तिचं अंगणही ओरबाडायला लाज वाटत नाही का, असं तोंडावर विचारलं.

सीताबाईला हे सांगताना बाईंची जीभ अडखळली. पण सीताबाई चक्क हसली. तिने एकदाच विचारलं, "मंग आंगन माजं नाय ना ऱ्हानार?" नाही म्हटल्यावर तिने लगेच अंगठा उमटवला. बाईंना काही केल्या उलगडा होईना.

पुढच्या दिवाळीनंतर केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुणे मंडळी अंगणातून आत गेली. आळीतली माणसं मात्र फाटकाबाहेर थबकली. पोरं आत पळायला बघत होती, तर आयांनी त्यांची मनगटं धरून ठेवली होती. बाईंनी या, या म्हणून बोलावलं, पण कुणी हललं नाही.

सखा नावाचा आळीतला म्हातारा जवळच उभा होता. बाईंनी त्याला विचारलं. आधी त्याने उडवाउडवी केली, मग आवाज खाली आणून सांगितलं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या भांडणात सीताबाई आळीच्या पंचांना डावलून कोर्टात गेली होती. तेव्हापासून ती वाळीत होती. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या घरात, तिच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. टाकेल तोही वाळीत.

"पण आता अंगण तिचं कुठे आहे? नगरपालिकेचं आहे," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच सीताबाईचं ते हसू त्यांना उमगलं.

"त्योच तर इचार चाललाय सगल्यांचा," सखा म्हणाला. "पन पयला पाय टाकनार कोन?"

गर्दी बाजूला सारत जगन पुढे आला. पाहुण्यांनी घातलेला हार अजून त्याच्या गळ्यात होता. तो फाटकातून आत शिरला, पण केंद्राकडे गेलाच नाही. अंगणाच्या मधोमध, सगळ्या आळीच्या देखत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्याने जमिनीवर मांडी घातली. दारात सीताबाई उभी होती.

"आये," तो म्हणाला, "भूक लागलीय. हितंच वाढ."