चेहरा थोडा बदलेल

"हिरड्या सुजतील, नीट घासले नाहीत तर दात किडतील, मुळं आखूड होऊ शकतात," डॉक्टरबाई खुर्चीतल्या शाळकरी मुलीला सांगत होत्या. "आणि तारा काढल्यावर रात्रीची पट्टी लावायचा कंटाळा केलास, तर दात पुन्हा आपल्या मूळ जागी पळतील. कळलं?"

मुलीने घाईघाईने मान डोलावली. बाईंना ती घाईच खटकली. सही बापाची असली तरी तोंड मुलीचं. तेव्हा धोके आधी तिला सांगायचे आणि तिच्याच तोंडून वदवून घ्यायचे, हा त्यांचा खाक्या. बाई आलेलं गिऱ्हाईक स्वतःच पळवून लावतात, अशी मदतनिसाची कुरकुर असे. त्याकडे त्या खुशाल कानाडोळा करीत.

"सांग बघू, काय काय म्हणाले मी?"

मुलीने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एकही धोका गाळला नाही. बाप खिडकीशी उभा होता. माणूस भला दिसत होता. पाण्याची बाटली, मुलीचा स्वेटर, जुने एक्स-रे, सगळं आठवणीने आणलं होतं त्याने. फक्त बोलायचा तो खिडकीबाहेर बघून. मुलगी त्याच्या पाठीकडे बघत होती.

"तसे दात फार पुढे नाहीत," बाई त्याला म्हणाल्या. "नाही केलं तरी काही अडत नाही."

"तिचाच हट्ट आहे. हिच्या आईचेही अस्सेच होते. सगळा चेहराच तिचा घेतलाय हिने." तो अडखळला. "मागच्या वर्षी गेली ती. आता घरात आम्ही दोघंच."

बाईंची अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय सहीचा कागद पुढे करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्टूल मुलीच्या जवळ ओढलं.

"बाळा, दात मागे गेले की ओठही मागे जातात. चेहरा थोडा बदलेल. नंतर आरशात बघताना तुला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल कदाचित. आईचा चेहरा आहे हा. नीट विचार कर."

मुलगी खुर्चीत उठून बसली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिने प्रश्न विचारला, तोही बाबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"किती बदलेल? म्हणजे, बाबांना माझ्याकडे बघता येईल, इतका?"