वजन आधी, रुंदी नंतर

तपासनीस बाईंनी तीन नाण्यांतलं पहिलं हिरव्या कापडावर ठेवलं आणि वहीत आकडा घातला. पारख्याच्या बायकोने ते कडेला धरून उचललं, छोट्या काट्यावर ठेवलं, मग त्याची रुंदी मोजली. काट्यावरचे आकडे बारीक, म्हणून भिंग तिच्या हातात होतंच. त्या भिंगातून ती आकडे पाहतेय की नाणं, हे कोण विचारणार?

"वजन बरोबर. रुंदी बरोबर," ती म्हणाली आणि नाणं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

वजन आधी, म्हणजे टांकसाळीची चूक.

त्याने नाण्यावरून अंगठा फिरवला, डोळ्याला आपलं भिंग लावलं आणि सावकाश मान हलवली. ही रेघ ओरखडा नाही, तो म्हणाला. ओरखडा आत जातो, ही वर आलेली आहे. छापायच्या ठशाला तडा गेला होता, त्यात धातू शिरला. नाणं जन्मापासूनच असं आहे.

बाईंनी लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

दोन वर्षांपूर्वी पारख्याची नजर मधोमध गेली होती. कडेचं दिसायचं, दार, खिडकी, येणारं-जाणारं माणूस; पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. डॉक्टरांनी हात टेकले. संग्राहक मंडळाची नाणी मात्र टपालाने येतच राहिली. टांकसाळीत चुकलेलं नाणं संग्राहक जिवापाड जपतात, आणि तेच नंतर कुणी ठोकून-कातरून केलेलं निघालं तर त्याला कुत्रं विचारत नाही. दोन्हींतला फरक सांगणाऱ्या दाखल्यावर चाळीस वर्षं याचीच सही. आता बायको नाणं पाहायची, त्याला सांगायची, तो चाचपून होकार द्यायचा, आणि मग ती त्याचा हात धरून सहीच्या रेघेवर न्यायची. चाळीस वर्षं शेजारी बसून ती शिकली होती. मुद्दाम तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मंडळाने कळवलं, तपासणीला येतो. तिची झोपच उडाली. सही गेली तर हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या वाळून जाईल, याची तिला खात्री होती. मग तिनेच युक्ती काढली. वजन आधी सांगितलं तर टांकसाळीची चूक, रुंदी आधी सांगितली तर नंतरचा मार. एरवी आमटीतल्या मिठावरूनही वाद घालणारा नवरा एका शब्दात कबूल झाला. घाबरलाय बिचारा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या नाण्यावर मूळ अक्षरांच्या अंगावर आणखी अक्षरं होती, पण उलटी आणि खोल दाबलेली. तिने रुंदी आधी सांगितली आणि अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात, असंही जाता जाता बोलून टाकलं. तो हसला. दोन नाणी शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या स्क्रूच्या पकडीत, घालून आवळली की असं होतं, म्हणाला. टांकसाळ चुकते, पण इतकी हुशारीने चुकत नाही.

बाईही किंचित हसल्या. बायकोच्या जिवात जीव आला. आता एकच राहिलं होतं.

तिसऱ्या नाण्याच्या कडेचा तुकडाच गायब होता, बिस्किटाचा घास घ्यावा तसा. तिने भिंग धरलं, आधी तुटलेली बाजू पाहिली, मग बरोबर तिच्या समोरची कड, आणि ती निश्चिंत झाली.

"वजन कमी आहे. रुंदी एका अंगाला कमी."

नवऱ्याने कड चाचपली. "कातरलंय कुणीतरी. नंतरचा मार."

त्याला ऐकू आलं नसेल, असं वाटून तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "अहो, वजन कमी आहे म्हटलं."

"ऐकलं मी. कातरलंय. लिहा, बाई."

बाईंनी पेन उचललं. गप्प बसावं तर तपासणीत नापास. बोलावं तर दोन वर्षांचं बिंग फुटणार. आणि त्या दोन्हींच्या मध्ये कापडावर एक खरं नाणं पडलं होतं, ज्याला आता कायमचं खोटं ठरवलं जाणार होतं. तिला ते बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "यांचं चुकतंय. तुकडा गेलाय त्याच्या समोरची कड बघा, पुसट आहे. चकती छापण्याआधीच तुटकी होती, म्हणून समोरच्या कडेला पुरता दाब मिळाला नाही. नंतर कुणी कातरलं असतं तर ती कड ठसठशीत राहिली असती."

"काकू, खात्री आहे?"

"आहे." मग तिने भिंग कापडावर ठेवलं. "यांना दिसत नाही. दोन वर्षं मीच बघतेय सगळं. काय बोलायचं ते मला बोला, पण यांची सही काढून घेऊ नका."

नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता.

बाईंनी वही मिटली, पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. गेल्या महिन्यात मंडळाकडे आलाय, म्हणाल्या. अक्षर नवऱ्याचं होतं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. तिने भिंग लावून वाचलं.

"मला दिसत नाही. दोन वर्षं तुमची नाणी माझी बायको पारखते आहे. माझी सही बंद करा आणि तिची सुरू करा. हवं तर घरी येऊन तिची परीक्षा घ्या, पण परीक्षा माझी आहे असंच तिला सांगा. ती माझ्याआड बसेल, काही केल्या पुढे येणार नाही. म्हणून शेवटच्या नाण्याला मी मुद्दाम चुकेन."