न टाकलेला फासा

"गाभारा रिकामा आहे," बहीण म्हणाली. "मूर्तीच्या मागे भिंतीत एक पोकळ नळी आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला खोली. तिथे बसून इतकी वर्षं कोणीतरी माणूसच देवाच्या आवाजात बोलत होता. देव नव्हताच."

पुठ्ठ्याच्या पडद्यावरून तिने भावाकडे पाहिलं. तो उशांना टेकून पडला होता. डोळे मिटलेले. खेळात तो डोंगरावरच्या देवाचा पुजारी होता आणि ती सूत्रधार. गोष्ट ती सांगायची, पुजारी काय करतो ते तो सांगायचा, आणि जमलं की फसलं ते पडद्याआड पडणारा फासा ठरवायचा.

खेळ जुना होता. तेव्हा असे खेळ खोक्यात तयार मिळत नसत. नकाशे तिने शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर काढले होते. वीस बाजूंचा फासा त्याने पितळेला कानस घासून घडवला होता, घड्याळं दुरुस्त करायला शिकत होता त्या वर्षी. स्टीलच्या ताटलीत तो पडला की शेजारच्या घरात ऐकू जायचा. चौघं खेळायचे. एक मित्र दूर देशी गेला, एका मैत्रिणीला घरातून सवड होईना, आणि भावाने अंथरूण धरल्यावर दोघंच उरली.

खोट्या देवाचा डाव टाकावा की नाही, हा दोघांचा जुना वाद. तिचं म्हणणं, आधीपासून खुणा पेरल्या असतील तर डाव बसतोच. खेळणारा मागे वळून बघतो आणि कपाळावर हात मारतो. तो म्हणायचा, त्यात मजा फक्त सांगणाऱ्याला. खेळणाऱ्याच्या पायाखालची जमीन गेली, पुढे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुजाऱ्याने करायचं काय, हे कुठल्याच सूत्रधाराने ठरवलेलं नसतं. तुम्ही लोक देव मोडता आणि जेवायला उठता, असा टोमणा तो मारायचा.

आज तिने तोच डाव मुद्दाम टाकला होता. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावून सांगितलं होतं, की औषध आता बंद करा, गुण काही नाही, नुसता त्रास. फार तर तीन-चार महिने. त्याच्या जिभेला आता चवही कळत नसेल, असंही ते म्हणाले होते. ती घरी आली तेव्हा आई घड्याळाकडे बघत चमचा पुसत उभी होती. चारला औषध. आई त्या एका चमच्यावर जगत होती. त्या दिवसापासून औषधाची तपकिरी बाटली बहिणीने स्वतःच्या ताब्यात घेतली. ती भरायची, बूच लावायची आणि दुकानातून आणल्यासारखी फडताळात ठेवून द्यायची.

आईला सांगणं शक्यच नव्हतं. भावाला मात्र सांगायला हवं होतं. त्याला कुणाला भेटायचं असेल, काही बोलायचं राहिलं असेल. सरळ सांगवेना. म्हणून आधी देव मोडून बघावा, तो कसं घेतो ते पाहावं आणि मग बोलावं, असं तिने ठरवलं होतं.

स्वयंपाकघरात लिंबाच्या साली उकळत होत्या. किटलीच्या आतला पांढरा थर त्याने निघतो, असं आईने एकदा सांगितलं होतं. हल्ली ती त्या किटलीच्या मागेच लागली होती.

"मला माहीत होतं," भाऊ म्हणाला.

तो चिडवतोय असं तिला वाटलं. कधीपासून, असं तिने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. मी तलवार उचलली की ताटलीत फासा वाजायचा. देवाला काही विचारलं की वाजायचाच नाही. तू नुसतीच सांगायचीस, देव हो म्हणाला. घड्याळवाल्याला फसवायचं तर आधी त्याच्या कानांचा बंदोबस्त करावा, ताई."

तिला हसू आलं नाही. मग आता पुजारी काय करतो, तिने विचारलं.

त्याने सांगितलं. पुजारी उठतो. पायऱ्या झाडतो. दिवा लावतो. खाली गाव आहे, आणि गावाला रोज डोंगरावर दिवा दिसायला हवा. गावाला काही कळू द्यायचं नाही.

आता बोलायलाच हवं होतं. पण तोच पुढे बोलला, आवाज अगदी खाली आणून.

"औषधाचंही मला माहीत आहे. मध्ये दोन दिवस ते पाण्यासारखं लागलं, तेव्हाच समजलो. तिसऱ्या दिवसापासून तू ते परत कडू केलंस, बरं केलंस. आईसमोर तोंड वाकडं करायला सोपं जातं. तिला कळू देऊ नकोस. तेवढं सांभाळ."

बहिणीने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि आई बाटली-चमचा घेऊन आत आली. संपलं का तुमचं देव-देव, तिने विचारलं. चालू आहे अजून, भाऊ म्हणाला. त्याने चमचा तोंडात घेतला, डोळे घट्ट मिटले आणि लहानपणी करायचा तसा चेहरा केला.

"कडू आहे ना? मग गुण येणार," आई रोजच्यासारखी म्हणाली. ओल्या बोटांनी तिने त्याची हनुवटी पुसली. बोटांना लिंबाच्या सालींचा वास होता. मुलीकडे न बघता ती आत निघून गेली.

फासा मुठीत धरून बहीण बसून राहिली. त्या बाटलीत तिने नळाच्या पाण्याशिवाय कधीच काही घातलं नव्हतं.