चढावरचं लिंबू

आळेफाट्याच्या शोरूममधली लाल स्पोर्टी गाडी आरतीला गिअरचीच हवी होती. विक्रेता म्हणाला, “काका, ताईंना ऑटोमॅटिकच घ्या. चढावर गाडी मागं यायची भीती न्हाई.” तीस वर्षं ट्रक चालवलेल्या तिच्या वडिलांनी, अण्णांनीही मान डोलावली. आरतीने ट्रायलची गिअरवाली गाडी खिंडीच्या चढावर थांबवली. “अण्णा, गावातल्या पोरांना शिकवताना तुमी मागच्या चाकाला लिंबू लावता. फुटलं की नापास. मलाबी लावा.” दोघे पुरुष उतरले. गाडीला टांगलेलं लिंबू सोडवून अण्णांनी चाकामागे टेकवलं. “हँडब्रेक नाय, गाडी चढावर धरून ठेवायचं बटण नाय. पायावर उचलायची.” तिने क्लच अर्ध्यावर आणला, मग ब्रेकवरचा पाय काढला. गाडी क्षणभर थरथरली आणि सरळ पुढे निघाली. विक्रेता धावत जाऊन वाकला. “काका, लिंबू शाबूत हाय!” अण्णा वाकलेच नाहीत. “इंजिनच्या आवाजावरनंच कळलं. गिअरची कधी मिळंल, तेवढं सांगा, पावणं.”