शंभरात नऊ

"कोंडिबा, गणितात किती?" रांजणे मास्तरांनी विचारलं.

"नऊ."

"शंभरात?"

"व्हय."

"मागल्या खेपेला सात होते. या चालीनं तू पास होशील तेव्हा मी पेन्शनीत असेन."

"मंग हितंच थांबतो की, मास्तर," कोंडिबा म्हणाला. वर्ग खिदळला.

साळूला भूगोलात अठ्ठ्याहत्तर होते. मास्तरांनी विचारलं, "बाकीचे बावीस कुठं सांडले?"

"नीरेत. ती निघती कुठनं, त्येच इसरले."

"आणि पाणी रोज तिचंच पितेस."

उत्रोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतल्या त्या शाळेत मार्कांचा दिवस असा जायचा. मास्तर थट्टेखोर, पण जरब मोठी. फळ्याकडं तोंड करून उभे असताना मागं कुणाची पेन्सिल थांबली, कोण चिंच चघळतंय, हे ते नावानिशी सांगायचे.  आमच्या मास्तरांना पाठीलाही डोळे आहेत, असं पोरं वाडीभर सांगत सुटायची.

आज मात्र हसू फार वेळ टिकलं नाही. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे होते. खोऱ्यातल्या एका शाळेत पेपर आणि मार्क जुळले नाहीत, तेव्हा त्यांनी तिथल्या मास्तरांना घरी बसवलं आणि शाळेला कुलूप घातलं. इथं तसं झालं तर पोरांच्या हातात पाटीऐवजी पुन्हा गुरांची दावी येणार होती.

साहेब आले, खुर्चीवर बसले. मास्तर हात जोडून भिंतीशी उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या गेनूनं पेपरांचा गठ्ठा आणि मार्कांची वही साहेबांपुढं ठेवली. साहेब एकेक पेपर पुन्हा तपासू लागले. 

एकही मार्क फुकटचा निघाला नाही. कोंडिबाचा पेपर साहेबांनी दोनदा पाहिला.

"मास्तर, या रीतीला मी एक मार्क दिला असता. दहा झाले असते."

"कोंडिबा कबूल व्हायचा नाही, साहेब."

साहेब हसले. "वीस वर्षं शाळा तपासतोय. इतकं चोख काम कुठं पाहिलं नाही." त्यांनी शेरेबुकात एक ओळ लिहिली आणि ते घोड्यावर बसून गेले.

टापा ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा मास्तरांनी जोडलेले हात सोडले.

"गेनू, काय लिहिलंय?"

गेनूनं वाचून दाखवलं, "मास्तरांची नजर कडक आहे."

  मास्तर भिंत चाचपत खाली बसले.

"कोंडिबा, मी उत्तरं सांगितली आणि बाकीच्यांसारखा तुझा पेपर तू स्वतःच तपासलास. एक मार्क वाढवून घ्यायचास की. मला कुठं दिसणार होतं?"

"म्हनून तर न्हाई घेतला," कोंडिबा म्हणाला.