शिट्टी होईपर्यंत

"तू फक्त पाय धर. बाकीचं आम्ही बघतो," निवडणुकीला उभा राहिलेला दादा म्हणाला, तेव्हा सोपानला त्यात काही वावगं वाटलं नाही. विद्यापीठाच्या कबड्डी संघात त्याच्या पकडीचा दरारा होता. एकदा घोटा त्याच्या हातात आला की चढाई करणारा माघारी जात नसे.

वाचनालयासमोर पथनाट्य रंगात आलं होतं. डफ वाजवणारा पोरगा दादाचीच नक्कल करत होता आणि गर्दी पोट धरून हसत होती. सोपानलाही हसू फुटलं. तेवढ्यात दादानं मान हलवली. सोपाननं झेप घेऊन पोराचा घोटा पकडला आणि डोकं खाली घातलं, कबड्डीचे सर शिकवायचे तस्सं. शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही.

डफ फाटल्याचं त्याला ऐकू आलं. मग दादाच्या पोरांच्या हातातल्या स्टंपांचे दणके.

"सोड सोपान... सोड ना रे... सोड..."

याला आपलं नाव कसं ठाऊक? मग आठवलं. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात हाच पोरगा डफ बडवत, घसा फुटेस्तोवर ओरडत होता, "सोपान, सोडू नको!"

सोडावं असं त्याला वाटलं, पण हात ऐकेनात. त्यांना शिट्टी हवी होती, आणि तिथं शिट्टी वाजवणारं कोणी नव्हतं.

"सोड... सोड..." आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

चढाई करणाऱ्याचा दम तुटला की पकड सोडायची असते. सोपानचे हात आपोआप सुटले.